कोल्ड स्टोअरमध्ये लूट झाली आणि नोकरीही गेली : बहारीनमध्ये काय करावे, किती दिवसांत करावे



आपल्या मंडळातले बहुतेक सभासद ऑफिसात, बँकेत नाहीतर रिफायनरीत काम करतात. त्यामुळे 'उपयुक्त माहिती' म्हटले की आपण व्हिसा, शाळाप्रवेश, घरभाडे यांवरच लिहितो. पण गणपतीत आरतीला मागच्या रांगेत उभी राहणारी, प्रसाद घेऊन लगबगीने ड्यूटीवर परतणारी काही मुले आपल्यातलीच असतात. ती कोल्ड स्टोअरमध्ये, बेकरीत, मोबाईलच्या दुकानात गल्ल्यावर बसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्याकडे ती सल्ला मागायला येतात त्या आपल्यासारख्यांसाठीही.

सुरुवातीलाच सांगतो, मी वकील नाही. इंजिनिअरिंग करून आय.टी.त नोकरी करणारा माणूस आहे. या विषयाचा अभ्यास मला करावा लागला, कारण एका मुलाला मी चुकीचा सल्ला दिला होता.

मआमीरची गोष्ट

मआमीर आपल्याला ठाऊक असते ते सित्राकडे जाताना लागणारे गाव म्हणून. एका बाजूला रिफायनरी, दुसरीकडे वर्कशॉप, गॅरेज आणि कामगारांच्या वसाहती. तिथली किराणा दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, कारण शिफ्ट सुटलेला माणूस अकरा वाजताही दूध-पाव घ्यायला येतो. दुकानात बहुधा एकटाच पोरगा असतो.

चिपळूणकडचा एक मुलगा अशाच एका दुकानात चार वर्षे होता. पगार १२० दिनार. एका रात्री तोंडाला फडके बांधलेले दोघे आत आले, सुरा दाखवला आणि गल्ल्यातले २१४ दिनार घेऊन गेले. जाताना धक्का दिला, त्यात मुलाचे मनगट दुखावले. मालकाने दुसऱ्या दिवशी विचारले, "तू ओरडला का नाहीस?" तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पैसे भर, नाहीतर घरी जा." पाचव्या दिवशी एका अरबी कागदावर सही घेतली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले.

त्याच आठवड्यात गणपती होते. आरती झाल्यावर त्याने मला हे सगळे सांगितले. मी म्हटले, "थोडे थांब, मालकाचा राग शांत होईल. घाईने तक्रार केलीस तर तो आणखी बिथरेल." माझ्या मते हा समजूतदार सल्ला होता. तो थांबला. पुन्हा माझ्याकडे आला तेव्हा नोकरी जाऊन ३८ दिवस झाले होते. नोकरीवरून अन्यायाने काढल्याबद्दल भरपाई मागायची मुदत ३० दिवसांची आहे, हे मला तेव्हा कळले.

पहिली गोष्ट : नुकसान वेगळे, चूक वेगळी

बहारीनमधल्या खाजगी नोकऱ्यांना २०१२ चा कायदा क्र. ३६ लागू आहे. १९७६ चा जुना कामगार कायदा जाऊन हा आला. परदेशी कामगारांनाही तो लागू आहे.

कामगाराच्या स्वतःच्या चुकीने मालकाची वस्तू हरवली किंवा मोडली, तर तिची किंमत त्याच्याकडून वसूल करता येते. पण अट आहे ती चुकीची. सुरा दाखवून पैसे नेले, यात गल्ल्यावरच्या माणसाची चूक कोणती? दुकान उघडे टाकून तो बाहेर गेला असता, किंवा रोकड रोज तिजोरीत टाकायचा लेखी नियम असून त्याने ती टाकली नसती, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही हेच तत्त्व होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे: निष्काळजीपणा असेल तरच कपात.

तडकाफडकी काढण्याचेही तसेच. नोटीस आणि भरपाई न देता कामगाराला कधी काढता येते, याची यादी कायद्याच्या कलम १०७ मध्ये आहे. खोटी कागदपत्रे, कामावर दारू पिणे, मालकावर हात उचलणे वगैरे. 'कामगाराच्या चुकीने मालकाचे गंभीर आर्थिक नुकसान' हे कारणही त्यात आहे. परंतु त्यासाठी मालकाने घटना कळल्यापासून कामाच्या २ दिवसांत संबंधित अधिकाऱ्यांकडे तक्रार केलेली असली पाहिजे. जो मालक पोलिसांत गेलाच नाही, त्याला हे कारण पुढे करता येत नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

१. पैसे देऊन टाका, झटापट करू नका. गल्ला पुन्हा भरता येतो.

२. ९९९ वर फोन करा, मग मालकाला. मालक 'पोलीस नकोत' म्हणाला तरी करा. पोलिसांतली नोंद हाच पुढे तुमचा सर्वांत मोठा आधार असतो.

३. जबाब अरबीत लिहिला जातो. अरबी येत नसेल तर दुभाषा मागा. सही करण्याआधी जबाब वाचून दाखवायला सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढा.

४. कॅमेरा असेल तर चित्रण पुसले जाण्याआधी पोलिसांना त्याबद्दल सांगा. कॅमेऱ्याची जुनी चित्रणे काही दिवसांनी आपोआप पुसली जातात. आम्हा आय.टी.वाल्यांना हे माहीत असते, गल्ल्यावरच्या मुलाला नसते.

५. खरचटले असले तरी डॉक्टरकडे जा आणि कागद घ्या. कामावर असताना झालेली इजा ही कामावरची दुखापत आहे, आणि तिचा विमा परदेशी कामगारांसाठीही सामाजिक विमा संस्थेकडे असतो. त्याचा हप्ता मालक भरतो. ज्याची नोकरी ३ महिन्यांहून जास्त झाली आहे, त्याला वर्षात १५ दिवस पूर्ण पगारी, २० दिवस अर्धपगारी आणि २० दिवस बिनपगारी आजारपणाची रजाही आहे. झोप न लागणे, दुकानात पाऊल ठेवताना छाती धडधडणे, हेही डॉक्टरला सांगण्यासारखे आहे. त्यात लाज कसली?

६. घडलेले सगळे त्याच रात्री मराठीत लिहून काढा. वेळ, रक्कम, कोण काय म्हणाले, मालकाला किती वाजता फोन केला. महिन्याने आठवत नाही.

न समजणाऱ्या कागदावर सही करू नका

आमच्या मुलाने सही केलेला कागद नंतर वाचून घेतला. त्यात लिहिले होते की, मी स्वखुशीने राजीनामा देत आहे आणि माझे सर्व पैसे मिळाले आहेत. त्याला वाटले होते की ती चोरीची नोंद आहे.

असा कागद समोर आला तर शांतपणे 'फोटो काढतो, वाचून घेतो, उद्या देतो' म्हणावे. दम दिला तरी सही करू नये. सही होऊन गेली असेल तरी धीर सोडू नका. नोकरी चालू असताना किंवा संपल्यापासून ३ महिन्यांच्या आत करून घेतलेली, कायद्याने मिळणारे हक्क कमी करणारी तडजोड कायदा मानत नाही. आमच्या मुलाला पुढे जे काही मिळाले ते यामुळेच.

आणखी एक. पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवून घेणे बहारीनमध्ये बेकायदा आहे. 'पैसे भर, मग पासपोर्ट देतो' या धमकीला कायद्याचा आधार नाही.

नोकरी गेलीच तर काय काय मिळायला हवे

१. शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार. पगार बँकेतून देण्याची वेतन संरक्षण योजना मे २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि जानेवारी २०२२ पासून ५० पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनाही तिच्यात आल्या. म्हणून बँकेचे स्टेटमेंट जपून ठेवा.

२. ३० दिवसांची लेखी नोटीस, नाहीतर तेवढ्या दिवसांचा पगार.

३. शिल्लक रजेचे पैसे. वर्षाला ३० दिवसांची रजा असते.

४. सेवा समाप्तीची रक्कम, म्हणजे आपण जिला ग्रॅच्युइटी म्हणतो ती. पहिल्या ३ वर्षांना दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे दरवर्षी एका महिन्याचा. १२० दिनार पगारावर ४ वर्षांचे होतात ३०० दिनार. १ मार्च २०२४ पासून मालकाला ही रक्कम दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरावी लागते (पहिली ३ वर्षे पगाराच्या ४.२ टक्के, नंतर ८.४ टक्के). त्या तारखेनंतरचा भाग संस्थेकडून आणि आधीचा मालकाकडून घ्यायचा.

५. कारण नसताना काढले असेल तर भरपाई. मुदत न ठरलेला करार असेल आणि नोकरीचे पहिले ३ महिने उलटले असतील, तर दर महिन्याच्या नोकरीमागे २ दिवसांचा पगार. कमीत कमी १ महिन्याचा, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. मुदतीचा करार असेल तर उरलेल्या मुदतीचा पगार, करारात त्याहून कमी रक्कम ठरलेली नसेल तर.

६. मागितल्यास नोकरीचा दाखला, विनामूल्य.

३० दिवस

वरच्या यादीतली पाचवी रक्कम मागण्याचा अर्ज नोकरी गेल्यापासून ३० दिवसांच्या आत न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या कामगार खटला व्यवस्थापन कार्यालयात दाखल झाला पाहिजे. बाकीच्या रकमांसाठी करार संपल्यापासून १ वर्ष मिळते. कामगाराला कोर्टाची फी भरावी लागत नाही. कामगार मंत्रालयात समेटाची बोलणी चालू असली तरी ३० दिवसांची मुदत थांबली आहे, असे धरून चालू नका. दोन्ही वाटा एकदमच धरा.

आमच्या मुलाची नोकरी ४८ महिन्यांची होती. म्हणजे ९६ दिवसांचा पगार, ३८४ दिनार. गल्ल्यातून चोरांनी नेले त्यापेक्षा हे जास्त होते. हे पैसे मिळालेच असते असे म्हणत नाही, पण मागायची संधी माझ्या 'थोडे थांब'ने गेली. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मात्र मिळाले. तो मुलगा आता गावाकडे मामाच्या दुकानात आहे. अजूनही गणपतीला फोन करतो. त्या सल्ल्याविषयी त्याने कधी चकार शब्द काढला नाही, म्हणून तर जास्त लागते.

मदत कुठे मिळेल

* ९९५ : परदेशी कामगारांसाठी एल.एम.आर.ए.ची चोवीस तास चालणारी हेल्पलाइन. तिचे परदेशी कामगार संरक्षण केंद्र सेहला येथे आहे.

* एल.एम.आर.ए.ची वेबसाइट : सी.पी.आर. क्रमांक टाकून वर्क परमिटची स्थिती पाहता येते. नोकरी गेल्यावर रोज पाहावी. परमिट रद्द झाले किंवा मालकाने 'कामगार पळाला' अशी नोंद केली, तर लगेच कळते. काढून टाकल्याचा मेसेज, पोलीस तक्रारीचा क्रमांक आणि आपला अर्ज हाताशी असेल तर त्या नोंदीला उत्तर देता येते.

* भारतीय दूतावास, सीफ : दूतावासाचे ओपन हाऊस भरते, तिथे वकिलांचे पॅनेलही असते. 'मदद' या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. इंडियन कम्युनिटी रिलीफ फंड १९९९ पासून दूतावासाच्या छत्राखाली काम करतो.

* ज्यांचा पासपोर्ट ई.सी.आर. आहे, त्यांनी निघताना प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी काढलेली असते. तिच्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण आहे आणि नोकरीसंबंधीच्या खटल्याचा काही खर्चही मिळतो. पॉलिसीचा कागद बहुधा गावी आईच्या ट्रंकेत पडलेला असतो. आजच फोटो मागवून घ्या.

आपण काय करू शकतो

मंडळी, या मुलांना आपल्याकडून पैसे नको असतात. त्यांना कुणीतरी बरोबर यायला हवे असते. अर्ज लिहून द्यायला, अरबी कागद वाचून घ्यायला, आणि सुट्टीच्या दिवशी नव्हे तर ऑफिसच्या वेळात सोबत रांगेत उभे राहायला. आपल्या एका सकाळच्या रजेची किंमत त्यांच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होऊ शकते.

तुमच्या ओळखीत गल्ल्यावर बसणारे कुणी असेल तर हा लेख त्याला छापून द्या. आणि कुणी असे काही सांगायला आला, तर माझ्यासारखे 'थांब' म्हणू नका. नोकरी कोणत्या तारखेला गेली ते आधी विचारा, आणि तिथून दिवस मोजा.

कळावे, लोभ असावा.