सांडव्याचा आकडा

बदलापूरजवळचे बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधले ते 1972 साली. सांडवा किती पुरासाठी आखावा, हे सांगणारे भारतीय मानक आले 1985 साली. मधे, 11 ऑगस्ट 1979 रोजी, गुजरातेत मोरबीवरचे मच्छू-2 फुटले. आलेला पूर सांडव्यासाठी धरलेल्या पुराच्या दुपटीहून मोठा होता.

मानकाने 60 दशलक्ष घनमीटरांपुढच्या साठ्यांना ‘संभाव्य महत्तम पूर’ लावला. नोंदीतला मोठ्यात मोठा पूर पुरेसा नाही. आभाळ कमाल किती ओतू शकेल, याचा हिशेब मांडायचा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडल्यावर हा हिशेब कुणाला अतिशयोक्त वाटला नसावा.

बारवीची उंची पुढे वाढवली गेली. आज साठा सुमारे 340 दशलक्ष घनमीटर. धरण भरले की स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि पाणी उल्हास नदीला मिळते. अंबरनाथ-उल्हासनगरकडे ‘सांडवा मोठा, म्हणजे आपण सुरक्षित’ असे समजतात. मीही समजत होतो. पण तो आकडा धरण वाचवण्यासाठी असतो, काठची घरे वाचवण्यासाठी नव्हे. घरांसाठी पूररेषा आहेत: निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदीकाठच्या नव्या सोसायटीचे माहितीपत्रक हाती आले की मी आधी निळी रेषा शोधतो. छापलेली अजून दिसलेली नाही.