नीळकंठशास्त्री गोऱ्यांचा प्रश्न

माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा असताना तापाने गेला. समाचाराला आलेल्या बायका आईला म्हणाल्या, "पूर्वजन्मीचं असेल काहीतरी त्याचं." आई तेव्हा गप्प बसली. पुढे म्हातारपणी मात्र एकदा मला म्हणाली, "आठ महिन्यांच्या पोराचं कसलं रे पाप?" जन्मभर वर्गात प्रश्नांची उत्तरे देत आलेला मी, मला काही बोलता आले नाही.

नीळकंठशास्त्री गोऱ्यांविषयी वाचताना आई आठवली. कारण याच प्रश्नावर या एका माणसाने दोन्ही बाजूंनी वाद घातला आहे. आधी हिंदू शास्त्री म्हणून ख्रिस्ती धर्माविरुद्ध आणि मग ख्रिस्ती होऊन आपल्या दर्शनांविरुद्ध.

गोरे मूळचे आपले कोकणस्थ. नीळकंठ १८२५ साली बुंदेलखंडात जन्मले आणि काशीत वाढले. त्या काळी जॉन म्यूर नावाचा एक इंग्रज सरकारी नोकर (तसा तो स्कॉट) संस्कृतात पंडित झालेला होता. १८३९ मध्ये त्याने 'मतपरीक्षा' हा ग्रंथ लिहिला. गुरुशिष्यांचा संवाद, तोही संस्कृत श्लोकांत! खरा धर्म कसा ओळखावा याच्या त्याने कसोट्या सांगितल्या. धर्मसंस्थापकाने चमत्कार केलेले असावेत व त्यांना साक्षीदार असावेत, शास्त्र पवित्र असावे, आणि तो धर्म साऱ्या मनुष्यजातीसाठी असावा. या तिन्ही कसोट्यांना ख्रिस्ती धर्म तेवढा उतरतो, हे ओघाने आलेच. चमत्कारांची कसोटी मला तरी कच्ची वाटते. पुराणे ऐकत वाढलेल्या माणसासमोर चमत्कारांचा पुरावा ठेवणे म्हणजे हलवायाला पेढा देण्यासारखे आहे.

म्यूरला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यातले पहिले सिहोरचे सुबाजी बापू, हेही मराठीच. त्यांनी 'सोमनाथ' या नावाने लिहिले. दुसरे कलकत्त्याचे हरचंद्र तर्कपंचानन. तिसरे आणि सर्वांत कडक उत्तर नीळकंठ गोऱ्यांचे, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. ते लिहिले तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते.

त्यांचा मुद्दा असा. तुमचा देव प्रत्येक जीव नव्याने निर्माण करतो, त्याला पूर्वजन्म नाही. मग एक मूल आंधळे जन्मते, दुसरे धडधाकट जन्मते, हे कोणाच्या कर्माने? पशूंना दुःख का? ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नावही गेले नाही त्यांचे काय? आणि साठ-सत्तर वर्षांच्या पापाला अनंतकाळ नरक, हा न्याय कोणता? आमच्याकडे निदान हिशेब तरी लागतो, आणि नरकही कधीतरी संपतो.

शेवटच्या प्रश्नाला युरोपात फार जुने उत्तर होते. कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी १०९८ च्या सुमारास मांडले की अपराधाचे माप ज्याचा अपराध केला त्याच्या थोरवीवर ठरते. देव अनंत, म्हणून पापाचे ऋणही अनंत. ते फेडायचे माणसाने, पण फेडू शकतो फक्त देव. म्हणून देवच माणूस होऊन आला. तर्क म्हणून हे फार देखणे आहे. सरंजामी काळातल्या मानापमानाचा वास त्याला येतो, एवढे मात्र मला म्हणावेसे वाटते.

गोरे मिशनऱ्यांशी वाद घालायला जात आणि खंडन करण्यासाठीच बायबल वाचत. डोंगरावरच्या प्रवचनाने ते विरघळले. घरच्यांचा विरोध इतका की बाप्तिस्मा काशीत न होता १८४८ मध्ये जौनपूरला झाला. नाव झाले नेहेम्या. पत्नी पुढे त्यांच्याकडे आल्या खऱ्या, पण मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात वारल्या. वादात जिंकण्या-हरण्याची किंमत अशीही असते.

१८६० मध्ये त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहिला. आता तेच प्रश्न उलट बाजूने आले. मूल पूर्वकर्माने दुःख भोगते म्हणता, मग ते पूर्वकर्म कशामुळे घडले? त्याआधीच्या. आणि ते? 'अनादि' म्हणून तुम्ही हात झटकता. म्हणजे उत्तर दिलेच नाही, फक्त मागे ढकलले! वेदांत्यांनाही त्यांनी सोडले नाही. ज्या ब्रह्माला जाणण्याजोगे दुसरे काहीच नाही, ते ज्ञानस्वरूप आहे म्हणण्याला अर्थ काय? मग लहानग्यांच्या दुःखाचे काय? तर देवाचे हेतू सगळे आपल्याला कळत नाहीत.

मला इथे थांबावेसे वाटते. 'अनादि' म्हणणे ही पळवाट असेल, तर 'देवाचे हेतू अगम्य' ही नाही काय? विशीतल्या नीळकंठाने पस्तिशीतल्या नेहेम्याला इथेच पकडले असते. पण त्यांचेही मन पुरते शांत झाले नव्हते, बाप्तिस्म्यानंतरही शंका त्यांना छळत राहिल्या. शंका बाळगूनही ते शेवटपर्यंत त्या धर्मात राहिले, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो.

पंडिता रमाबाई इंग्लंडात असताना गोऱ्यांनी त्यांना पत्रे लिहिली. रमाबाई तेव्हा ब्राह्मो मताच्या होत्या. ते मत वेदांतून आलेले नसून ख्रिस्ती श्रद्धेचेच वेषांतर आहे, हे त्यांना या पत्रांनी पटले. १८८३ मध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र बाई गोऱ्यांच्या वरताण निघाल्या. त्रैक्याचा सिद्धांत बायबलात कुठे आहे ते दाखवा, म्हणून त्यांनी तिथल्या सिस्टरांना पत्रांतून भंडावून सोडले. ती पत्रे १९७७ साली आपल्या राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली आहेत. इंग्रजीत आहेत, पण जरूर वाचावीत.

गोरे १८९५ मध्ये मुंबईत वारले. त्यांच्या 'षड्दर्शनदर्पणा'चे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्येच झाले होते. विशीतला तो संस्कृत ग्रंथ मात्र हस्तलिखितातच पडून राहिला आणि १९५१ साली उज्जैनला छापला गेला. म्हणजे उत्तर आधी छापले गेले आणि प्रश्न नव्वद वर्षांनी.