साका बसणार की नाही?

मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा साका उतरतो. पाण्यात मीठ आहे का, हे पाहायला रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकातच ही युक्ती वापरली होती. पण ते टाकल्यावर कळणार. न टाकताच सांगायचं तर?

१७१८ साली पॅरिसच्या जोफ्रुआने कोणत्या पदार्थाची ओढ कोणाकडे जास्त, याचा तक्ता मांडला. १७७५ मध्ये स्वीडनच्या बर्गमनने तो भरपूर वाढवला. जोड्या जुळवायच्या आणि उत्तर वाचायचं. कोण किती आहे, याला तक्त्यात जागाच नव्हती.

ती जागा सापडली इजिप्तमध्ये. १७९८ साली नेपोलियनबरोबर तिकडे गेलेला रसायनज्ञ बर्थोले नेट्रॉन सरोवरांच्या काठी पोचला. प्रयोगशाळेत कॅल्शिअम क्लोराइडच्या द्रावणात सोडा घातला की कॅल्शिअम कार्बोनेटचा साका बसतो आणि मीठ पाण्यात राहतं. इथे उलटंच चाललेलं: खाऱ्या पाण्याला चुनखडी भिडलेली आणि काठावर सोड्याचा थर. चुनखडीला अंत नाही, तयार झालेला सोडा वाळून बाजूला पडतो, म्हणून क्रिया उलटी फिरते, असं त्याने ताडलं. नुसत्या ओढीने निकाल लागत नाही. किती माल आहे आणि कोण पाण्यातून बाहेर पडतो, तेही बघावं लागतं. १८०३ च्या ग्रंथात त्याने हे सविस्तर मांडलं. पण पुढे जाऊन संयुगांची घडणही प्रमाणानुसार बदलते म्हणाला, तिथे रसायनज्ञ प्रूस्तने त्याला खोटं पाडलं. त्या भांडणात चांगला विचारही अडगळीत गेला, हे माझ्या मते रसायनशास्त्राचं मोठं नुकसान. १८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी त्या विचाराला गणित दिलं.

क्षार पाण्यात आयनांत सुटे होतात, हे रसायनज्ञ अऱ्हेनियसने १८८७ मध्ये ठामपणे मांडलं आणि दोनच वर्षांत नेर्न्स्टचा विद्राव्यता गुणाकार आला: पाण्यातल्या आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तरच साका. आता आकडे घ्या. लेड नायट्रेट आणि मीठ, दोन्ही लिटरला ०.०१ मोल, सारखी मापं. मिसळल्यावर दोन्ही निम्मी, ०.००५ (पोरं नेमकं हेच विसरतात). शिसं गुणिले क्लोराइडचा वर्ग: शून्यं नीट मोजली तर ०.००००००१२५. लेड क्लोराइडची मर्यादा सुमारे ०.००००१७. साका नाही! ‘लेड क्लोराइड अविद्राव्य’ हा पाठ केलेला नियम इथे तोंडघशी पडतो. शिशाऐवजी चांदी घेतली तर गुणाकार मर्यादेच्या लाखपटीहून वर जातो.

तरीही मर्यादा ओलांडली म्हणजे साका लगेच दिसेलच असं नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला मॅग्नेशिअमच्या परीक्षेत नळी कधीकधी स्वच्छच राहते. मग काचकांडीने नळीची आतली बाजू घासायची. ‘व्हाइट पीपीटी’, म्हणजे पांढरा साका, त्या ओरखड्यांवरच आधी धरतो.