खिळे, फॉन्ट आणि पाठ

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांनी घडविलेल्या खिळ्यांनी त्याची कीर्ती झाली. जुळारी खणांतून खिळे उचलून ओळी जुळवी. छपाई आटोपली की खिळे पुन्हा आपापल्या खणांत जात. छापलेल्या पानाला त्यांची गरज उरत नसे.

घरच्या संगणकावरील जुन्या मराठी मजकुराची गोष्ट नेमकी उलट आहे. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक आले; त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. परंतु विंडोजमध्ये ही सोय मंगल फॉन्टसह आली ती विंडोज २००० पासून. तोवर फॉन्ट घडविणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने बसविले होते. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन चिन्हांचाच. तो मराठी दिसे केवळ फॉन्टमुळे. एखादे वृत्तपत्र महाजालावर वाचायचे तर आधी त्याचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. असे फॉन्ट साठत गेले आणि पुढे अडगळ म्हणून पुसलेही गेले. त्यांच्यासोबत कित्येक प्रबंध, अनुवाद आणि पत्रे निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन बसली.

म्हणून फॉन्टांची व्यवस्था हा आम्हांस केवळ टापटिपीचा विषय वाटत नाही. नित्य लागणारे मोजके फॉन्ट संगणकात बसवावेत. उरलेले पुसून न टाकता निर्मात्यांनुसार वेगळ्या फोल्डरांत ठेवावेत. प्रत्येक जुन्या लेखनाशेजारी त्याचा फॉन्ट आणि फॉन्टचे नाव जपावे. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रतही काढून ठेवावी.

युनिकोडमध्ये रूपांतर अवश्य करावे, पण ते डोळसपणे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी सहसा व्यंजनाआधी आणि रफार अक्षरानंतर टंकित होई. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे. ही उलटापालट करताना जोडाक्षरांत चुका शिरतात. हस्तलिखितांतील पाठभेद शोधताना आपण लेखनिकाची नजरचूक गृहीत धरतो. रूपांतर करणारी आज्ञावली हीही एक लेखनिकच आहे. तिच्या हातची प्रत मुळाशी ताडून पाहायची, तर मूळ वाचता आले पाहिजे. आणि त्यासाठी तो जुना फॉन्ट हाताशी हवा.