क्षणभर उजेड : खिशातल्या बॅटरीची सव्वाशे वर्षं

कोकणात आमच्या गावी 'टॉर्च' हा शब्द कोणी वापरत नसे. ती 'बॅटरी', आणि तिच्यात घालायचे ते 'सेल'. शाळेच्या पुस्तकात 'विजेरी' असा छान शब्द होता, पण "आजोबा, विजेरी कुठाय?" असं विचारलं असतं तर त्यांनी मला वेड्यातच काढलं असतं. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की बॅटरी म्हणजे खरं तर सेलच, आपण मात्र अख्ख्या दिव्यालाच बॅटरी म्हणतो. तेव्हा हसू आलं होतं. आता या विषयावर थोडंफार वाचल्यावर वाटतं, गावच्या लोकांचंच बरोबर होतं. या वस्तूचा इतिहास म्हणजे आधी सेलचा इतिहास, मग दिव्याचा. म्हणून या लेखातही मी गावचेच शब्द वापरणार आहे.

आजोबांची बॅटरी पितळी, तीन सेलची, एव्हरेडीची 'जीवनसाथी'. पडवीत खुंटीला टांगलेली असे. तिचे नियम कडक होते. सतत चालू ठेवायची नाही. गोठ्याकडे जाताना बटण दाबायचं, पुढची चार पावलं नीट बघून घ्यायची, बंद करायची, तेवढं चालायचं, मग पुन्हा दाबायची. आमच्याकडे फुरशी भरपूर, त्यामुळे बघणं हा काही गमतीचा भाग नव्हता. सेल मंदावले की दुपारी उन्हात ठेवायचे. परगावी निघाले की मधला सेल उलटा घालायचा, म्हणजे पिशवीत चुकून बटण दाबलं गेलं तरी सेल तितक्या लवकर संपायचे नाहीत. मला हा सगळा चिक्कूपणा वाटायचा.

आता एकदम २०२३ च्या ऑक्टोबरात या. न्यू जर्सीतल्या डेलावेअर वॉटर गॅपजवळच्या माउंट टॅमनीवर बायको आणि सहा वर्षांच्या लेकीला घेऊन मी पानगळीचे रंग बघायला गेलो होतो. वर फोटो काढण्यात वेळ गेला आणि उतरताना झाडीत काळोख झाला. मी निर्धास्त होतो, कारण खिशात बोटाएवढी नवी बॅटरी होती. खोक्यावर लिहिलं होतं १२०० ल्युमेन आणि दोन तास. लावली, तर अक्षरशः दिवस उजाडला! दोन मिनिटांत ती हाताला चटका बसेल इतकी तापली आणि आपणहून मंद झाली. मी पुन्हा मोठी केली. ती पुन्हा मंद झाली. असं सात-आठ वेळा झाल्यावर पाऊण तासात तिने दोनदा डोळे मिचकावले आणि राम म्हटला. ओल्या पानांखालचे दगड चाचपत, फोनच्या उरलेल्या पंधरा टक्क्यांवर आम्ही खाली आलो. लेक रडली नाही, पण माझा हातही सोडला नाही.

घरी येऊन खोकं पुन्हा वाचलं. गंमत म्हणजे त्यावर खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. मलाच वाचता आलं नव्हतं. ते वाचायला शिकायचं तर थेट १८९९ सालापर्यंत मागे जावं लागतं.

बॅटरीला अमेरिकेत 'फ्लॅशलाइट' का म्हणतात याचा मी कधी विचार केला नव्हता. फ्लॅश म्हणजे क्षणभराची चमक. त्याआधीचे सेल म्हणजे काचेच्या बरणीत द्रावण भरलेले, आडवे केले की सांडणारे. १८८० च्या दशकात जर्मनीतल्या कार्ल गासनर यांनी कोरडा सेल केला आणि वीज पहिल्यांदा खिशात टाकण्याजोगी झाली. १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या इंग्रज माणसाला अमेरिकेत पेटंट मिळालं, क्रमांक ६,१७,५९२. कागदाच्या नळीत एकामागे एक सेल, टोकाला छोटा दिवा आणि मागे ओबडधोबड पितळी आरसा. आजोबांच्या बॅटरीतही याहून वेगळं काही नव्हतं.

हे पेटंट ज्यांच्या कंपनीकडे गेलं ते कॉनराड ह्यूबर्ट मूळचे मिन्स्कचे, पूर्वीचं नाव अकिबा होरोविट्झ. १८९१ मध्ये अमेरिकेत आले आणि नाव बदललं. त्यांनी काही बॅटऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट वाटल्या, पोलीस खूश झाले आणि जाहिरात आपोआप झाली. 'एव्हर रेडी' हे नाव याच कंपनीचं. नाव 'सदैव तयार', पण वस्तू क्षणभरच तयार! जस्त-कार्बनच्या त्या सेलमधून जोराचा प्रवाह घेतला की आतल्या कार्बनभोवती हायड्रोजन साठतो आणि सेल दमतो. थोडी विश्रांती दिली की पुन्हा ताजा होतो. त्यात दिव्याची तार कार्बनची, म्हणजे वीज खाणार खूप आणि उजेड देणार थोडा. म्हणून दाबा, बघा, सोडा. 'फ्लॅश' ही जाहिरात नव्हती, प्रामाणिक कबुली होती. आजोबांची दाब-सोड आणि उन्हात सेल वाळवणं हे त्याच रसायनशास्त्राचं घरगुती ज्ञान होतं. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते.

१९१० च्या आसपास टंगस्टनच्या तारेचे दिवे आले आणि त्याच सेलमधून जास्त उजेड मिळू लागला. ह्यूबर्ट यांची कंपनी १९१४ मध्ये क्लीव्हलँडच्या नॅशनल कार्बन कंपनीने घेतली, आणि १९१७ मध्ये ती कंपनी युनियन कार्बाइडचा भाग झाली. हे नाव वाचून मी थबकलो. तुम्हीही थबकला असाल.

भारतात १९३४ मध्ये कलकत्त्याला एव्हर रेडी कंपनी (इंडिया) स्थापन झाली. १९४१ मध्ये तिचं नाव नॅशनल कार्बन कंपनी (इंडिया) आणि १९५९ मध्ये युनियन कार्बाइड इंडिया असं झालं. लाल सेल आणि नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर खेड्यापाड्यांत पोचलं ते याच कंपनीमुळे. वीज पोचायच्या आधी ही बॅटरी पोचली. रात्री पाण्याची पाळी लावायला गेलेला शेतकरी, सुईण, पोस्टमन, सगळ्यांच्या हातात ती होती. आणि याच कंपनीच्या भोपाळमधल्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. हजारो माणसं मेली आणि लाखो जन्माची आजारी झाली. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीने आपला सेलचा धंदा विकला. १९९४ मध्ये भारतीय कंपनीतला हिस्साही विकला, आणि त्या पैशांतून भोपाळला रुग्णालय उभं राहिलं. भारतीय कंपनीचं नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं. माझ्या लहानपणी आजोबांच्या खुंटीवर जी वस्तू होती तिच्यामागे हे सगळं होतं, आणि आमच्या घरात ते कोणी कधी बोललं नाही. बॅटरीने आम्हाला फुरशांपासून वाचवलं हेही खरं, आणि भोपाळही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

पुन्हा अमेरिकेकडे येऊ. टोनी मॅग्लिका यांचा जन्म न्यूयॉर्कचा, पण बालपण क्रोएशियातल्या एका बेटावर गरिबीत गेलं. १९५० मध्ये ते परतले तेव्हा त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. लेथवर सुटे भाग बनवता बनवता त्यांनी १९७९ मध्ये ॲल्युमिनियमची मॅगलाइट काढली. पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या बॅटऱ्या पडल्या की फुटत; ही पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं टिकली. १९८४ मध्ये दोन पेन्सिल सेलवर चालणारी मिनी मॅगलाइट आली आणि चांगली बॅटरी खऱ्या अर्थाने खिशात मावू लागली. उजेड मात्र दहा-पंधरा ल्युमेनच!

पुढची उडी जपानमधून. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण निळा जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी करून दाखवला. १९९६ मध्ये त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा एलईडी बाजारात आला. आपल्या आयटीवाल्यांना आवडेल असा भाग पुढे आहे. या शोधाबद्दल नाकामुरांना बोनस मिळाला होता २०,००० येन! ते अमेरिकेत प्राध्यापक झाले, कंपनीशी कोर्टात भांडले, आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ मध्ये आकासाकी आणि अमानो यांच्यासह त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेलही मिळालं. मिसेल, ह्यूबर्ट, मॅग्लिका, नाकामुरा. या छोट्याशा वस्तूच्या गोष्टीतली बरीच पात्रं बाहेरून अमेरिकेत आलेली आहेत, हे आपल्या मंडळाच्या अंकात सांगायलाच हवं.

तिसरा तुकडा म्हणजे लिथियम-आयन सेल. सोनीने १९९१ मध्ये तो बाजारात आणला. १८६५० हा सेलचा आकडा म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. एलईडी आणि हा सेल एकत्र आले आणि ल्युमेनची शर्यत लागली. जो तो मनाला येईल ते आकडे छापू लागला, म्हणून २००९ मध्ये अमेरिकेत एफएल-१ नावाचं मानक आलं.

माझ्या खोक्याचं रहस्य इथे आहे. या मानकात ल्युमेन मोजतात ते सुरुवातीचे, बॅटरी लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या आत. आणि 'चालण्याचा वेळ' म्हणजे तो उजेड घटत घटत दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे १२०० ल्युमेन खरे, दोन तासही खरे, पण दोन तास १२०० ल्युमेन कोणी म्हटलंच नव्हतं! बोटाएवढ्या धातूला तेवढी उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून आतलं सर्किट उजेड कमी करतं. क्लाऊडवर सर्व्हर भाड्याने घेणाऱ्यांना 'बर्स्ट' माहीत असतं, तसंच हे. किती मीटर उजेड जातो याचा आकडाही असाच. तेवढ्या अंतरावर पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो. १८९९ मध्ये सेल दमायचा, आता अंग तापतं. सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा 'फ्लॅश'पाशीच आलो आहोत. फरक एवढाच की तेव्हा ते नावातच सांगितलेलं होतं.

मग घ्यायची कोणती? माझे हिशेब आता असे आहेत. मोठा आकडा सोडा, ती तासभर सतत किती उजेड देते ते बघा. पायवाटेला १०० ते १५० ल्युमेन पुरतात, आणि रात्री घरात उठायला पाच-दहा. इतका मंद टप्पा असलेलीच घ्या, म्हणजे इतरांची झोपमोड होत नाही. घरातल्या आणीबाणीसाठी पेन्सिल सेलवर चालणारी बरी. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने आमच्याकडे दिवसेंदिवस वीज नव्हती. चार्जर असून उपयोग काय? फक्त अल्कलाइन सेल आत घालून विसरू नका, ते गळतात. डोंगरात न्यायची तर १८६५० सेलवाली, पण सेल बदलता येणारी, आणि सोबत एक भरलेला जादा सेल. हा जादा सेल विमानात चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत, टोकं झाकून ठेवावा लागतो. पाण्यासाठी आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आणि खिशात आपोआप पेटू नये म्हणून लॉक हवंच. ते नसेल तर बऱ्याच बॅटऱ्यांचं मागचं झाकण अर्धा फेरा सैल केलं की काम होतं. आजोबांचा उलटा सेल तो हाच.

आजोबा आता नाहीत. बॅटरी मी इकडे घेऊन आलो आहे, सेल काढून ठेवली आहे. गेल्या उन्हाळ्यात कॅम्पिंगला गेलो तेव्हा लेकीच्या हातात छोटी बॅटरी दिली आणि शिकवलं : दाब, चार पावलं बघ, लक्षात ठेव, बंद कर, चाल. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बाबा, बंद केल्यावर पण थोडं दिसतं की!" हेच तर आजोबांना माहीत होतं. डोळ्यांना संधी दिली तर अंधारही थोडी वाट दाखवतो.

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. पणत्या लावून झाल्या की एकदा ड्रॉवरमधली बॅटरी काढून सेल तपासा. आणि तुमच्या घरी जुनी पितळी असेल तर मुलांना तिची गोष्टही सांगा, सगळी. शुभ दीपावली!