महाराष्ट्राचे औद्योगिक धोरण, २०१९

महाराष्ट्राचे औद्योगिक धोरण, २०१९ हे राज्यातील वस्तुनिर्माण उद्योगाची स्पर्धाक्षमता वाढवण्यासाठी महाराष्ट्र शासनाने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेले धोरण आहे. त्या वेळी देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री व सुभाष देसाई उद्योगमंत्री होते. धोरणाचा मूळ कालावधी १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ असा होता. प्रगत तंत्रज्ञानाचा स्वीकार आणि उद्योगांचा मागास भागांत विस्तार ही त्याची दोन प्रमुख सूत्रे होत.

पार्श्वभूमी

राज्याच्या स्थापनेनंतर १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत, यासाठी १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबवली जाऊ लागली. या योजनेत तालुक्यांचे औद्योगिक विकासानुसार गट केले जातात आणि मागास तालुक्यांना अधिक सवलती मिळतात.

दरम्यान उत्पादनाचे स्वरूपही पालटत गेले. यंत्रमानव, त्रिमितीय मुद्रण आणि परस्परांशी जोडलेली संवेदक-यंत्रे यांवर आधारलेल्या उत्पादनपद्धतीला ‘उद्योग ४.०’ म्हणतात. हे नाव २०११ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर येथील औद्योगिक मेळ्यात पुढे आले. केंद्र शासनाच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ या उपक्रमांतर्गत पुणे येथेही अशा तंत्रज्ञानाचे एक केंद्र उभारण्यात आले.

उद्दिष्टे व प्राधान्यक्षेत्रे

वस्तुनिर्माण क्षेत्राची वार्षिक वाढ १२ ते १३ टक्के ठेवून २०२३-२४ पर्यंत राज्याच्या सकल उत्पन्नातील त्याचा वाटा २५ टक्क्यांवर नेणे, १० लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणणे आणि ४० लाख रोजगार निर्माण करणे, ही उद्दिष्टे होती. उद्योग ४.०, कृत्रिम बुद्धिमत्ता, विद्युत वाहने, जैवतंत्रज्ञान व वैद्यकीय उपकरणे, इलेक्ट्रॉनिक्स, संरक्षण सामग्री यांबरोबरच कृषिप्रक्रिया व वनाधारित उद्योगांचाही प्राधान्यक्षेत्रांत समावेश होता.

प्रोत्साहने

पात्र उद्योगांना औद्योगिक प्रोत्साहन अनुदान तसेच मुद्रांक शुल्क व विद्युत शुल्कातून सूट या प्रमुख सवलती होत्या. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांसाठी व्याज व वीजदर अनुदान होते. तंत्रज्ञान सुधारणा, गुणवत्ता प्रमाणपत्र व पेटंट नोंदणी यांसाठीही त्यांना साहाय्याची तरतूद होती.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर औद्योगिक प्रोत्साहन अनुदान राज्य वस्तू व सेवा कराशी जोडले गेले. महाराष्ट्रातच विक्री व पोहोच झालेल्या मालाच्या पहिल्या विक्रीवरील करावर ते मोजले जाते. परराज्यात गेलेल्या मालावर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो आणि त्यातील राज्याचा वाटा माल जेथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. त्यामुळे तो माल या हिशेबात धरला जात नाही.

नंदुरबार जिल्हा व सीमाभाग

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात गडचिरोली, वाशीम व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासह त्याची निवड झाली. आकांक्षित जिल्ह्यांना या धोरणात विशेष सवलतींच्या गटात स्थान मिळाले.

अनुदानाची करपद्धती मात्र सीमाभागासाठी अडचणीची ठरते. अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे गाव अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर, गुजरातच्या सीमेजवळ आहे. अंकलेश्वर व सुरत ही औद्योगिक शहरे या मार्गाच्या दिशेलाच असल्याने तेथील बाजारपेठ या भागाला सोयीची आहे. अशा गावातील कारखान्याने आपला माल तेथे विकल्यास त्या विक्रीवर हे अनुदान मिळत नाही. तोच माल नाशिक किंवा पुण्याला पाठवल्यास मिळते. म्हणजे सर्वाधिक सवलतीस पात्र ठरलेल्या भागाला जवळची बाजारपेठ आणि अनुदान यांपैकी एकाची निवड करावी लागते. मुद्रांक शुल्क व विद्युत शुल्कातील सूट विक्रीच्या ठिकाणावर अवलंबून नसल्यामुळे तिच्याबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरी मर्यादा तंत्रज्ञानाच्या स्वरूपातच आहे. स्वयंचलित यंत्रांना अखंड वीज, भरवशाचे इंटरनेट व कुशल तंत्रज्ञ लागतात. ही साधने मुंबई-पुणे-नाशिक पट्ट्यात आधीच एकवटलेली आहेत. त्यामुळे प्रगत तंत्रज्ञान व प्रादेशिक समतोल ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र साधण्यासाठी करसवलतींना तंत्रशिक्षणाची व पायाभूत सुविधांची जोड आवश्यक ठरते.

हेही पहा

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
सामूहिक प्रोत्साहन योजना
वस्तू व सेवा कर
नंदुरबार जिल्हा