कोतवाराच्या नोंदीपासून बँकेच्या खात्यापर्यंत

उज्जैनच्या आसपासच्या खेड्यांत कोतवार असतो. आपल्याकडच्या गावकोतवालाचा हा सख्खा भाऊ. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेत त्याची तरतूद आहे. सरकारनं आपले खासगी कागद मागितले तर त्याला चाप कोण लावणार, या प्रश्नावरच्या कायद्याचा उगम बहुतेक जण दिल्लीतल्या फोन टॅपिंगच्या खटल्यात शोधतात. मला तो या कोतवारापाशी सापडला.

मध्य प्रदेश पोलीस नियमावलीतला ८५६ वा नियम वाचा. ज्याला ठाण्यात ‘निगरानी बदमाश’ म्हणतात, त्याच्यावर नजर कशी ठेवायची ते त्यात सांगितलं आहे. दिवसा-रात्री, अनियमित वेळी घरी जायचं. लपून पहारा ठेवायचा. तो गाव सोडून गेला की पटेल, मुकद्दम, कोतवार यांनी वर्दी द्यायची. आणि ठाणेदारानं वेळोवेळी चौकशी करायची: लौकिक, सवयी, सोबती, मिळकत, खर्च, धंदा. ही यादी सावकाश वाचली आणि मी थबकलो. सोबती म्हणजे आजचे कॉल रेकॉर्ड, मिळकत-खर्च म्हणजे बँकेचं स्टेटमेंट, गावाबाहेरची ये-जा म्हणजे मोबाइल टॉवरची नोंद.

उत्तर प्रदेशच्या नियमावलीतही जवळपास हेच आहे, फक्त तिथे चौकीदार आहे. दोन्ही एकाच इंग्रजी साच्यातून निघाल्या असणार. पटेल-मुकद्दम-कोतवार हे त्रिकूट मात्र मला नागपूरहून चालणाऱ्या जुन्या मध्य प्रांताचं वाटतं. उज्जैन १९४८ पर्यंत शिंद्यांचं, मग मध्य भारतात, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशात. म्हणजे उज्जैनच्या माळव्याला हा नियम सासरहून आला, असा माझा तर्क आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

या नियमाला गोविंद नावाच्या माणसानं सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. १८ मार्च १९७५ ला न्या. मॅथ्यू, कृष्ण अय्यर आणि गोस्वामी यांच्या पीठानं निकाल दिला आणि गोविंद हरला! नियमाला १८६१ च्या पोलीस कायद्याचा आधार आहे, असं न्यायालय म्हणालं. पण हरवताना मॅथ्यूंनी लिहून ठेवलं की खासगीपणाचा हक्क आहे असं धरून चाललं, तर त्यावर घाला घालायला राज्याकडे सबळ कारण हवं. ही कसोटी त्यांनी अमेरिकेच्या ग्रिस्वोल्ड (१९६५) आणि रो (१९७३) या निकालांतून उचलली. तिकडे रो २०२२ मध्ये उलटवला गेला. इकडे त्याचं कलम रुजलेलंच आहे.

यावर दोन प्रतिवाद होतात. पहिला, खरं बीज उत्तर प्रदेशच्या नियमावलीवरच्या, १८ डिसेंबर १९६२ च्या खडकसिंग खटल्यातल्या न्या. सुब्बा राव यांच्या भिन्नमतात आहे. बीज असेल, पण ते अल्पमत होतं. दुसरा, हे सगळं अमेरिकेतून आयात केलेलं. मग पुढचं पाहा. अमेरिकेनं १९७६ मध्ये मिलर खटल्यात ठरवलं की बँकेतले कागद बँकेचे, खातेदाराचा त्यावर हक्क नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात ती वाट नाकारली. खासगीपणा माणसाचा असतो, जागेचा नव्हे. कागद बँकेत ठेवला म्हणून तो उघडा पडत नाही. या निकालाला टेकू होता गोविंदचा. उसनवारी फक्त कसोटीची. तिचा हा वापर आपला. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाला एक ओळ पुरे: नऊ न्यायमूर्तींनी हक्क पक्का केला.

सुरुवातीला उल्लेखलेला फोन टॅपिंगचा निकाल १८ डिसेंबर १९९६ चा. त्यानं गृहसचिवाचा आदेश आणि पुनर्विलोकन समिती आणली, पण समितीत सगळे सरकारी सचिव, न्यायाधीश एकही नाही. मला हे अपुरं वाटतं. तरी निदान समिती आहे. कॉल किंवा बँकेच्या नोंदींच्या बाबतीत तीही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तपासासाठी कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद हवी असेल, तर ठाण्याच्या टीआयचा, म्हणजे ठाणेदाराचा, लेखी हुकूम पुरतो. पोस्टाच्या ताब्यातलं साधं कार्ड हवं असेल तर मात्र कलम ९५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी किंवा न्यायालयाकडेच जावं लागतं. कॉल रेकॉर्डच्या मागणीलाही हाच दरवाजा असायला हवा.